मास्तरांनी न घेतलेला बिल्ला

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मास्तरांनी माझ्या सासूला फसवलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला त्यांनी प्रभुभोजन म्हणून स्टेशनाजवळच्या बेकरीतला पाव खाऊ घातला. ही ऐकीव गोष्ट नाही. तो पाव माझ्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडात गेला. वांगं आतून किडकं आहे की नाही हे मी हात न लावता सांगते, आणि तीच मी तिथे हात जोडून उभी होते.

गोष्ट पुलगावची. नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच्या पुढचा उन्हाळा. आमच्या मोहल्ल्यात त्या वर्षी जो तो देव आहे का, आत्मा आहे का, हेच विचारत होता. नळावर धर्म, गिरणीच्या फाटकावर धर्म, भाजीच्या गुजरीत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर धर्म. मला ते फार आवडायचं. शाळा मी दोनच इयत्ता पाहिली, बाकीचं वाचन शास्त्रावर, म्हणजे बायबलवर झालं; पण वाद म्हटला की माझं रक्त उसळतं, मग तो मेथीच्या भावाचा असो की स्वर्गाचा.

नवरा गेला तेव्हा माझ्याजवळ एक टोपली आणि ही सासू होती. आत्याबाई म्हणायची मी तिला. तिनेच मला नाचणगावच्या माळ्यांच्या बागा दाखवल्या, कुणाची मेथी कोवळी आणि कुणाची जीभ कडू ते सांगितलं, आणि गुजरीत आपल्या शेजारी बसवलं. धंद्याचं एकच वाक्य शिकवलं : "भाव सांगताना गिऱ्हाइकाच्या डोयात पाह्य, हाताकडे नोको पाहू." त्या एका वाक्यावर मी टोपलीची हातगाडी केली. कुणी मला उभं केलं नाही, माझी मी झाले. पण मला शिकवलं कुणी असं विचाराल, तर तिने.

आता आमच्या मंडळीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वीसेक घरं, एक कौलारू चर्च. पाळकसाहेब वर्ध्याहून तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजनाला यायचे. बाकीचा सगळा कारभार मास्तरांकडे. ते मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि मंडळीने त्यांना वडील, म्हणजे आपला कारभारी म्हणून निवडलं होतं. भोजनाच्या आदल्या शनिवारी मास्तर दारोदार फिरायचे. जुन्या मिशनरी साहेबांच्या काळातले जस्ताचे चपटे बिल्ले होते, एका बाजूला प्याल्याचं चित्र. दारात उभं राहून मास्तर विचारायचे, "कोणाशी भांडण आहे का?" नाही म्हटलं की बिल्ला हातावर. दुसऱ्या दिवशी मेजाशी बसताना तो बिल्ला मास्तरांच्या थाळीत टाकायचा, मग भाकर आणि प्याला. ज्याचं भांडण चालू आहे त्याला बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही तर भोजन नाही.

या रीतीचा मला केवढा ताप! तीन महिन्यांची भांडणं मला शुक्रवारी एका दिवसात मिटवायला लागायची. सकाळपासून मी गुजरीत जिच्या-तिच्यापुढे जाऊन उभी. शेजारी बसणारी कांदेवाली, मागच्याच वर्षी बौद्ध झालेली, खदखदून हसायची.

"काऊन वो बाई, आज लय गोड बोलून राह्यली? उद्या बिल्ल्याचा दिवस आहे वाटते?"

"हाये. तुह्या मायची आन, मांग जे बोलली थे इसरून जाय."

"इसरली, जाय. पन सोमवारी पुन्हा चालू करशीन ना?"

"सोमवारचं सोमवारी पाहू."

भोजनाची भाकर आत्याबाई भाजायची. तीस वर्षं तीच. गव्हाची, जाड, खमीर नाही, मीठ नाही, वरून सुरीच्या पाठीने पाडलेली फुली. प्याल्यात काळ्या मनुका रात्रभर भिजवून कुस्करलेलं पाणी. माकडहाड मोडून ती खाटेला लागली तेव्हा भाकर मी भाजायला लागले. ती खाटेवरून हुकूम सोडायची. "तवा तापू दे. मीठ घालशीन त याद राख." दात उरले नव्हते, त्यामुळे तिचा तुकडा मनुकांच्या पाण्यात बराच वेळ भिजवावा लागायचा. चर्चमधलं भोजन आटोपलं की पाळकसाहेब स्वतः ताटली झाकून घरी यायचे, तिला द्यायचे, आणि तिचा बिल्ला घेऊन जायचे. घरातलं भोजन म्हणून बिल्ला माफ नव्हता. ती तो पदराच्या गाठीत बांधून ठेवायची.

त्या रविवारी वर्ध्याला कुणाची तरी माती होती. पाळकसाहेबांना दुपारची गाडी पकडायची होती. आत्याबाईच्या वाटचा तुकडा ताटलीत झाकून, मास्तरांच्या हाती देऊन ते निघाले. मी घरी आले, तिला अंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं, पाठीशी गोधडी देऊन बसवलं. ती दाराकडे तोंड करून बसली. वैशाखाचं ऊन, कौलं तडतडत होती.

मास्तर आले. गल्लीच्या तोंडापर्यंत आले, आत्याबाईला दारातून पाहिलं आणि परत फिरले. मला वाटलं, काही राहिलं असेल. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा आले, घामाने निथळत, हातात झाकलेली ताटली. प्रार्थना म्हटली, घाईघाईत म्हटली. तुकडा उचलला. हात लटपटत होता आणि नजर त्या हातावरच होती. आत्याबाईने जीभ पुढे केली. तुकडा भिजवावा लागला नाही. तोंडात पडला तसा विरघळला. तिने डोळे मिटले, आमेन म्हटलं. मास्तर वळले आणि गेले.

बिल्ला न घेता गेले.

मी आधी तिच्या पदराची गाठ पाहिली. टणक होती. मग पदरावर पडलेला कण दिसला. बोटाला लावून जिभेवर ठेवला. मीठ होतं त्यात, आणि साखर. माझ्या भाकरीत मीठ! मी तशीच अनवाणी धावले, तापलेल्या मातीतून, आणि चर्चच्या कडुनिंबाखाली मास्तरांना गाठलं.

"मास्तर! काय चारलं तुम्ही बुढीले?"

"हळू बोला, बाई."

"मी हळू कदीच बोलली नाई! पाव होता थो! बेकरीचा पाव होता!"

मास्तरांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते. त्यांनी सगळं सांगितलं. भोजन झाल्यावर मेजावर उरलेली भाकर पायाखाली जाऊ नये म्हणून ती मास्तरांनी खायची, ही त्यांची नेहमीची सवय. त्या दिवशी पाळकसाहेबांना स्टेशनापर्यंत सोडून आले, मेज आवरलं, आणि त्या आवरण्याच्या नादात ताटलीतला तुकडाही खाऊन टाकला. आठवलं तेव्हा ताटली रिकामी. सांगायला म्हणून आमच्या गल्लीपर्यंत आले, तर म्हातारी न्हाऊन-धुऊन पांढऱ्या लुगड्यात दाराकडे डोळे लावून बसलेली.

"माझ्याच्यानं सांगवलं नाही, बाई. वाटलं, तिचा विश्वास तर खरा आहे. ती विश्वासानं घेईल, तिला ख्रिस्त मिळेल. भाकरीत काय आहे?"

"भाकरीत काय हाये? मंग तिचा तुकडा खाताना कायले नाई इचारलं सोताले?"

मी एवढ्या मोठ्याने बोलले की दोन घरांतून बायका बाहेर आल्या. मला तेच हवं होतं.

आणि मग पेटलं. तसा आठवडा मी आयुष्यात पुन्हा पाहिला नाही. ख्रिस्त नेमका कोणाला मिळतो, यावर अख्खा मोहल्ला दोन तुकड्यांत वाटला गेला. निम्मे म्हणाले, म्हातारीने विश्वासाने घेतलं, तिला मिळाला. निम्मे म्हणाले, आशीर्वाद न दिलेल्या पावात कुठला आलाय! ज्यांना एरवी रविवारी जांभया यायच्या ते शास्त्राची पानं उलटत माझ्या हातगाडीशी यायचे. मी भेंडी तोलता तोलता उत्तरं द्यायची. माझी भाजी त्या आठवड्यात दुपारच्या आतच संपायची, आणि कुणी भाव पाडून मागायलाही विसरायचं.

मास्तरांच्या बाजूचा एक गिरणी-कामगार म्हणाला, "बाई, घेणाऱ्याचा विश्वास असला की झालं."

"असं? मंग हे सडकं वांगं घेऊन जाय. विश्वासानं घे, घरी जाईपर्यंत ताजं होते."

सगळी गुजरी हसली. मी मात्र ते वांगं पटकन गाडीखाली टाकलं. कारण वांग्याचा हा न्याय खरा ठरला तर आत्याबाईला काहीच मिळालं नव्हतं. सडका माल म्हणजे सडका माल.

रोज माझ्याकडून भाजी नेणारा एक रेल्वेचा गार्ड होता, रोमन कॅथोलिक, वाद ऐकायला टोपी काखेत मारून उभा राहायचा. मी त्यालाच विचारलं, तुमच्यात काय न्याय?

"हमारे यहाँ सीधा हिसाब है, बाई. फादरनं आशीर्वाद दिला का ती भाकर नाही राहिली, प्रभूच झाला. मग संत खाओ की चोर खाओ, मिळतो तोच. संताला लाभतो, चोराला भोवतो."

"अन् आशीर्वाद नसलेला पाव?"

"पाव म्हणजे पाव. चहासोबत चांगला."

मी वजनं खाली ठेवली. याच्या न्यायाने पाहिलं तर त्या रविवारी खरा ख्रिस्त मास्तरांच्या पोटात गेला, दोनदा गेला, आणि माझी सासू उपाशी राहिली. कांदेवाली शेजारून म्हणाली, "आमी तर सुटलो बाप्पा यातून. ना भाकर, ना भांडण." मी तिच्यावर खेकसले, आणि लगेच आठवलं की मास्तरांशी लागलेल्या ह्या भांडणाचं बिल्ल्याच्या पुढच्या शुक्रवारी काय करायचं.

मी पाळकसाहेबांना पोस्टकार्ड टाकलं. चार ओळी, त्यातल्या दोन शिव्या वाटाव्यात अशा. ते तीन महिने न थांबता पुढच्याच रविवारी आले. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी बायकांच्या बाजूने उभी राहिले आणि सरळ विचारलं, "साहेब, तिले भेटला का नाही?"

पाळकसाहेब शांत माणूस. म्हणाले, "तोंडात जाते ती भाकर, बाई. ख्रिस्त जातो तो विश्वासात. अविश्वासानं, कपटानं जो घेतो, त्याच्या हाती नुसती भाकर राहते. विश्वासानं जो हात पसरतो त्याचा हात प्रभू रिकामा ठेवत नाही. तुमच्या सासूबाईंना मिळाला, अशी माझी खात्री आहे."

मागून "आमेन" आला. मास्तर पहिल्या बाकावर होते. त्यांचे खांदे सैल झाले, मी पाहिलं. आणि ते पाहून माझं डोकं फिरलं.

"बरं. तिले भेटला. मंग मास्तरले काय भेटलं? एका म्हातारीच्या वाटचं खाऊन, तिले फसवून, थे सांजच्या प्रार्थनेले याच ठिकानी उभे होते. तुमच्याच न्यायानं सांगा साहेब, मास्तरच्या हाती काय राह्यलं?"

पाळकसाहेब म्हणाले, "ते मास्तर जाणोत आणि प्रभू जाणो." हे उत्तर नव्हे. मी गुजरीत असं उत्तर घेत नाही.

चर्च सुटल्यावर पाळकसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, त्यांच्या मनाला शंका नाही, पण आमच्या मनाची शांती व्हावी म्हणून ते आत्याबाईला पुन्हा भोजन द्यायला तयार आहेत. मी घाईने भाकर भाजली. चर्चमध्ये त्यांनी तिच्यावर रीतसर आशीर्वाद म्हटला आणि आम्ही घरी निघालो. मास्तरही मागोमाग आले. कुणी बोलावलं नव्हतं.

आत्याबाईला मी आठवडाभर काही कळू दिलं नव्हतं. तिची नजर मंद झाली होती, श्वास छोटा झाला होता. मला एकच धास्ती होती : ही जाईल ती फसवलेलीच जाईल. म्हणून मी पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण सांगू नका, नुसतं द्या.

पण तिने ताटली पाहिली आणि विचारलं, "हे कायले?"

पाळकसाहेब अडखळले. "आजी, त्या दिवशी थोडी चूक..."

"पाव होता म्हनून?"

म्हातारी हसली. दात नव्हते, हसली की सगळा चेहरा आत जायचा.

"मले का समजत नाई का बाप्पा? तीस वर्सं मीच भाजली. माह्या भाकरीनं कदी लवकर सोडलं का हिरड्याले?"

"मंग बोलली काऊन नाई, आत्याबाई?" मी ओरडलेच.

"पोरी, मास्तरचा हात थरथरून राह्यलता. मी मनात म्हनलं, देवा, आज तुले यायचंच असन, त ह्याच्याच हातानं ये, पावात ये. अन् आला थो."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "तर मग आजी, आता हे घ्या."

"नाई. पुन्हा घेतला त त्या दिवशी आला नोता असं होईन. मले भेटला. थे मास्तरले द्या. माह्या वाटचं खाऊनबी उपाशीच हाये थो."

मग ती पदराची गाठ सोडायला लागली. बोटं चालत नव्हती, मी पुढे झाले तर माझा हात झटकला. बिल्ला काढला आणि दाराशी उभ्या मास्तरांकडे धरला. "घे, मास्तर. माहा बिल्ला तुवाच घ्याचा राह्यला."

मास्तर स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. हात पुढे केला नाही. वळले आणि गल्लीतून निघून गेले, भर उन्हात, डोक्यावर टोपीही नव्हती. ती भाकर शेवटी पाळकसाहेबांनीच उभ्या-उभ्या संपवली. आधी मला विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, मी भांडणात आहे.

पाचव्या दिवशी आत्याबाई गेली. बिल्ला माझ्या मुठीत देऊन गेली. "त्याले देजो," एवढंच म्हणाली.

पुढच्या तिमाहीच्या शुक्रवारी मी सगळ्यांशी मिटवलं. कांदेवालीशीसुद्धा. शनिवारी मास्तर माझ्या दारात आले, आणि पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारला नाही. मी तो जुना बिल्ला पुढे धरला आणि म्हटलं, "आधी तुमी सांगा, तुमाले काय भेटलं." ते पुढच्या घराकडे गेले. त्यांनी स्वतःही त्या दिवसापासून मेजाशी कधी हात पसरला नाही. लोकांना बिल्ले वाटायचे, थाळी धरायचे आणि कडेला उभे राहायचे. लोक म्हणाले, केवढी नम्रता. मी म्हणाले, पळपुटेपणा.

शाळेची नोकरी संपल्यावर ते आंजीला मुलाकडे राहायला गेले, ते अजून तिथेच आहेत. मी अजून भोजनाची भाकर भाजते, बिनमिठाची, फुली पाडून. सगळे खातात. मी खात नाही, कारण माझं भांडण चालू आहे, आणि आमची रीत मी मोडणार नाही. किती वर्षं झाली ते सांगणार नाही. केस पांढरे झाले एवढं पुरे.

मास्तर, माझ्या सासूला मिळाला, हे मी मान्य केलं. ती म्हणाली म्हणून केलं, पाळकसाहेब म्हणाले म्हणून नाही. तुम्ही फसवलंत आणि तरीही तिची झोळी भरली, यात तुमचं श्रेय काहीच नाही. आता तुमचं सांगा. दुसऱ्याच्या वाटचा घास खाल्लात तेव्हा तुम्हाला काय मिळालं? नुसती भाकर? की गार्ड म्हणाला तो, भोवणारा? काहीच नसेल मिळालं तर तसं सांगा, आणि मिळालं असेल तर इतकी वर्षं कडेला उभे का राहिलात ते सांगा. तिने बिल्ला तुमच्यासाठी ठेवलाय. आंजीहून पुलगाव लांब नाही. या, माझ्या हाताकडे नाही, डोळ्यांकडे पाहून उत्तर द्या आणि हा बिल्ला घेऊन जा.